परक्या अंगणातला अदब

जपानहून आल्यापासून मला फिरून फिरून दोनच प्रश्न विचारले जातात. शाळेतल्या सहकारी विचारतात, "एवढ्या लांब जाऊन पानगळ बघून आलात?" आणि नात्यातल्या बायका आवाज जरा खाली घेऊन विचारतात, "देवळांत पण गेली होतीस म्हणे?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं उत्तर मी एका वाक्यात देत नाही. विचारणाऱ्यांची काळजी खरी असते, आणि ती काळजी माझ्या घरातलीच आहे. निघण्याच्या आदल्या रात्री अम्मीनेही तेच सांगितलं होतं, तिच्या दखनीत : "देखने कू हरकत नई. सिर कां झुकाने का, वो मालूम है ना तेरे कू?"

म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहिते आहे.

माझा धाकटा भाऊ गेली आठ वर्षं ओसाकात इंजिनिअर म्हणून नोकरी करतो. "आपा, एकदा या" हे त्याचं दरवर्षीचं पालुपद. २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत ते जमलं. त्याने रजा काढली आणि तीन दिवस क्योटो, चौथा दिवस शुक्रवार म्हणून कोबे, असा बेत केला. नोव्हेंबरच्या शेवटी क्योटोत जाणं म्हणजे आषाढीला पंढरपुरात जाण्यासारखं आहे. अख्खा देश तिथे लोटलेला असतो, तो लाल पानं बघायला.

जपानीत या रंग बदलण्याला 'कोयो' म्हणतात. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या डोंगरांत सप्टेंबरमध्ये तो सुरू होतो आणि हळूहळू दक्षिणेकडे, वरून खाली सरकत येतो. क्योटोला पोचायला त्याला नोव्हेंबरचा उत्तरार्ध लागतो. आपल्याकडे मान्सून केरळात आला, गोव्यात आला, मराठवाड्यात कधी येणार याच्या बातम्या असतात, तशा तिथे पानांच्या बातम्या असतात. पानं बघायला फिरण्याला त्यांचा जुना शब्द आहे 'मोमिजीगारी'. 'गारी' म्हणजे शिकार. मेपलच्या पानांची शिकार. हातात काही लागत नाही, तरी शिकार.

मला शिकवायची सवय, त्यामुळे पानं लाल का होतात तेही सांगून टाकते. थंडी पडली, दिवस लहान झाला की झाड पानातलं हरितद्रव्य मोडायला लागतं. हिरवा रंग ओसरला की पिवळा दिसतो. हा पिवळा नवीन नसतो. तो पानात आधीपासूनच असतो, हिरव्याखाली झाकलेला. लालचं मात्र तसं नाही. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारठा असला की पानात उरलेल्या साखरेपासून लाल रंगद्रव्य नव्याने तयार होतं. म्हणजे गळायच्या आधीच्या थोड्या दिवसांत ते पान एक नवीन काम हाती घेतं. आमच्या लातूरकडे पानगळ फाल्गुनात होते. कडुनिंबाची पानं वाऱ्याने अंगणभर होतात आणि झाडता झाडता बायकांची कंबर धरते. तिचं कौतुक कुणी करत नाही.

क्योटोत बसने फिरणं या दिवसांत अवघड. रांगा लांब आणि बसमध्ये उभं राहायला जागा नाही. भावाने सरळ सायकली भाड्याने घेतल्या. मी नाही म्हणाले. कारण सांगते. मी लहानपणी सायकल चालवत असे, अब्बांची, दांडीखालून पाय घालून. आठवीत गेल्यावर घरात न बोलता ठरलं की आता नको. त्यानंतर तीस वर्षांहून जास्त काळ मी सायकलवर बसले नव्हते, आणि आता गुडघे कुरकुर करतात. भाऊ म्हणाला, "आपा, ये बॅटरीवाली है. तुम बस पैर घुमाओ."

ही सायकल म्हणजे आपल्याकडची बॅटरीवरची स्कूटर नव्हे. पॅडल मारल्याशिवाय ती जागची हलत नाही. पायाने जोर लावला की मोटर त्या जोरात आपला जोर मिसळते. असली सायकल जगात पहिल्यांदा बाजारात आणली ती जपानच्या यामाहा कंपनीने, १९९३ साली. तिथल्या कायद्याने मोटर किती मदत करील हेही बांधून दिलंय. ताशी दहा किलोमीटरपर्यंत तुमच्या जोराच्या जास्तीत जास्त दुप्पट. त्यापुढे वेग वाढेल तशी मदत कमी होत जाते आणि चोविसाला ती पूर्ण थांबते. निघताना आणि चढावर हात धरायचा, जमायला लागलं की सोडायचा. बीएडच्या वर्षात शिक्षणाच्या मानसशास्त्रावर जे तास झाले, त्यातलं अर्धं या एका नियमात आलं.

दुकानातल्या बाईंनी स्कार्फवर हेल्मेट नीट बसवून दिलं. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून तिथे सगळ्या सायकलस्वारांनी हेल्मेट घालावं असा नियम आलाय. साखळीला पूर्ण झाकण होतं, त्यामुळे कुर्ता अडकायची भीती नव्हती. तिथेही वाहनं डाव्या बाजूनेच चालतात. पहिल्या गल्लीत पाय टेकत टेकत गेले, दुसऱ्या गल्लीत पाय उचलले. कामो नदीच्या काठावरच्या वाटेला लागलो तेव्हा भाऊ मागून ओरडला, "धीरे, आपा!" शेहेचाळिसाव्या वर्षी कुणी मला हळू चालव म्हणालं, याचा मला फार आनंद झाला.

पहिल्या दिवशी आम्ही शहराच्या वायव्येला कितानो तेनमानगूला गेलो. हे शिंतो देवस्थान आहे, ९४७ साली स्थापन झालेलं. इथला देव हा एके काळी माणूस होता, आणि माणूस असताना तो शिक्षक होता. सुगावारा नो मिचिझाने हे त्याचं नाव. ८४५ साली जन्मलेला मोठा विद्वान, कवी, दरबारच्या विद्यापीठातला अध्यापक. पुढे मंत्री झाला. दरबारातल्या हेव्यादाव्यांतून त्याच्यावर किटाळ आलं आणि ९०१ साली त्याला लांब पश्चिमेला, दाझाइफूला धाडलं गेलं. दोन वर्षांत तिथेच तो वारला. त्यानंतर राजधानीवर संकटं येत गेली. ९३० साली राजवाड्यावर वीज कोसळली. लोकांना वाटलं, हा त्या अन्याय झालेल्या विद्वानाचाच कोप. त्याला शांत करण्यासाठी त्याला देव केलं गेलं. आज तो विद्येचा देव आहे आणि परीक्षेच्या आधी देशभरातली मुलं त्याच्याकडे येतात.

आवारात जागोजागी बसलेल्या बैलांच्या मूर्ती आहेत. मुलं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवतात आणि मग आपल्या डोक्यावरून. बाजूला लाकडी पाट्यांच्या माळाच्या माळा. या पाटीला 'एमा' म्हणतात. तिच्यावर मागणं लिहून टांगायचं. मला जपानी वाचता येत नाही, पण मुलांचं अक्षर वाचता येतं. घाईत लिहिलेलं, ओळ सोडून खाली घसरलेलं, नाव मात्र ठसठशीत. दहावीच्या पेपराआधी आमच्या उर्दू शाळेतली मुलं मराठीच्या वहीवर वर '७८६' लिहितात, ते अक्षर असंच असतं.

भाऊ आत आला नव्हता. तोरीच्या, म्हणजे त्या मोठ्या कमानीच्या बाहेर सायकलींपाशी थांबला होता. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. मी मात्र आत गेले. दारापाशी पाण्याचा हौद असतो. आत जाणाऱ्याने हात आणि तोंड धुवायचं. आधी डावा हात, मग उजवा, मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ. आपल्या वुजूत उजवा आधी. मी तिथे बाजूला उभी राहून बघितलं. एक आजी आपल्या नातवाला क्रम शिकवत होत्या. त्याने उजवा हात आधी पुढे केला की त्या हळूच तो मागे सारत. अम्मीने मला वुजू शिकवली तेव्हा ती डावा हात असाच मागे सारायची.

मी हौदावर हात धुतले नाहीत. ते पाणी त्यांच्या इबादतीचा भाग आहे, आणि मी इबादतीला आलेली नव्हते. गाभाऱ्यापुढे दोनदा झुकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, पुन्हा झुकायचं, हेही केलं नाही. पण लोक जिथून चालत होते तिथूनच चालले, आवाज केला नाही, कुणी प्रार्थनेत असेल तर त्याच्या पुढून गेले नाही. नमाजीच्या पुढून जाऊ नये हे आपण घरात शिकतोच. तेवढं शिकलेलं तिथे पुरलं. मग मागच्या बाजूच्या मेपलच्या बागेत गेले. १५९१ साली तोयोतोमी हिदेयोशीने शहराभोवती मातीचा तट घातला होता. त्याचा एक तुकडा इथे शिल्लक आहे आणि त्या उतारावर साडेतीनशेच्या आसपास मेपलची झाडं आहेत. खाली लहानसा ओढा, त्यावर लाल पूल. तिथे बाकावर बसून मी माझ्या दहावीच्या वर्गासाठी दुआ मागितली, माझ्या पद्धतीने, माझ्या अल्लाहकडे. हात उचललेले पाहून शेजारच्या बाईंनी आपली पिशवी सरकवून मला जागा करून दिली.

संध्याकाळी नदीकाठी नमाज झाली. नोव्हेंबरच्या शेवटी क्योटोत पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. सायकलवर फिरणाऱ्याला जोहर, असर आणि मगरिब एकमेकांना चिकटून येतात. किब्ला तिथेही पश्चिमेकडेच, किंचित उत्तरेला झुकलेला. भावजयीने दिलेले पराठे आणि मी घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी खाताना मी भावाला विचारलं, आत का आला नाहीस.

तो म्हणाला, "आपा, तुम चार दिन के मेहमान. मैं यहाँ रहता हूं." नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी त्याच्या ऑफिसातले सगळे मिळून देवस्थानात जातात. धंद्याला बरकत मागतात. पहिल्याच वर्षी त्याने साहेबाला नम्रपणे सांगितलं की मी बाहेर थांबेन. साहेबाने मान डोलावली आणि तेव्हापासून दरवर्षी कुणीतरी त्याच्यासाठी बाहेर गरम चहाचा कॅन आणून देतो. "आता मी इकडे फिरायला आत गेलो, तिकडे बाहेर थांबलो, तर मला माझं बोलणं रोज नव्याने समजावून सांगावं लागेल. माझी रेघ सोपी आहे, म्हणून लोक ती पाळतात."

मला हे पटलं. आणि माझं आत जाणंही मला चुकीचं वाटलं नाही. पाहुण्याची रेघ आणि रहिवाशाची रेघ वेगळी असू शकते. दोघांनीही रेघ आखलेली असली म्हणजे झालं.

दुसऱ्या दिवशी मोटरची खरी कसोटी होती. देमाचियानागीपासून उत्तरेला डोंगरात किबुने नावाचं गाव आहे, बारा-तेरा किलोमीटरवर. रस्ता आधी अलगद चढतो, शेवटचे दोन किलोमीटर नीट चढतो. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला सीडरची काळपट उंच झाडं, आणि मधूनच एखादा मेपल. खाली शहरात पानं झाडावर होती, इथे निम्मी रस्त्यावर आली होती. ओल्या पानांवर ब्रेक जपून लावायचा, एवढं भाऊ दर वळणावर सांगत होता. चढावर मोटर गुरगुरत होती आणि माझे गुडघे गप्प होते. आमच्या पुढे एक सत्तरीच्या बाई, पुढच्या टोपलीत कोथिंबिरीसारखी कसलीतरी जुडी ठेवून, तशाच सायकलवर गेल्या. मागे वळूनही पाहिलं नाही.

गावाचं नाव किबुने, पण देवस्थानाचं नाव किफुने. हे पाण्याच्या देवाचं ठिकाण. पाणी गढूळ होऊ नये म्हणून नावातलाही जड 'ब' टाळतात, असं सांगतात. लाल कंदिलांच्या दोन ओळी, मधून दगडी पायऱ्या. जुन्या काळी दुष्काळ पडला की दरबाराकडून इथे काळा घोडा वाहिला जायचा, पाऊस थांबत नसला की पांढरा. दरवेळी जिवंत घोडा कुठून आणायचा, म्हणून पुढे लाकडाच्या फळीवर घोडा रंगवून देऊ लागले. आदल्या दिवशी पाहिलेल्या त्या 'एमा'चा उगम इथला मानतात. 'ए' म्हणजे चित्र, 'मा' म्हणजे घोडा.

लातूरच्या माणसाला पाण्याच्या देवासमोर काय वाटतं, हे लातूरच्याच माणसाला कळेल. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आमच्या शहराला पाणी आलं होतं. त्या वर्षी मैदानात पावसासाठी नमाज झाली, देवळांत अभिषेक झाले, खेड्यांत बेडकांची लग्नं लागली. सगळे एकाच आभाळाकडे बघत होते. ज्या डोंगरात बारा महिने पाणी खळखळतं तिथले लोकही कधी काळी घोडा घेऊन आभाळाकडेच बघत होते, हे कळल्यावर मला ती जागा परकी वाटेना. मी झुकले नाही. पण तिथल्या झऱ्याकडे बराच वेळ बघत राहिले. भाऊ या वेळी कंदिलांच्या पायऱ्यांपाशी आला होता. म्हणाला, "अब्बा असते तर या पाण्याचं काय केलं असतं?" आम्ही दोघंही हसलो. अब्बांनी घागर आणली असती.

तिसऱ्या दिवशी, २३ नोव्हेंबरला जपानात सरकारी सुट्टी. पहाटे निघून आम्ही आग्नेयेच्या तोफुकुजीला गेलो. हा झेन पंथाचा मोठा मठ, तेराव्या शतकातला. दरीवर लाकडी पूल आहे, छपराचा, 'त्सूतेनक्यो' नावाचा. त्याच्याखाली दोनेक हजार मेपल. पुलावरून खाली बघितलं की लाल ढगावर उभं राहिल्यासारखं होतं. या मठात चेरीची झाडं मात्र नाहीत, आणि त्याची एक गोष्ट सांगतात. मठातला मिंचो नावाचा भिक्षू मोठा चित्रकार होता. त्याचं चित्र पाहून खूश झालेल्या शोगुनने विचारलं, काय हवं ते माग. तो म्हणाला, इथली चेरीची झाडं तोडायची परवानगी द्या. चेरी फुलली की लोक खायला-प्यायला, मौजमजेला जमतात, मग ही साधनेची जागा राहणार नाही.

आज मेपलसाठी त्याच जागी किती गर्दी होते हे मिंचोने पाहायला हवं होतं. पण मठाने आपला हात सैल सोडलेला नाही. गर्दीच्या दिवसांत पुलावर थांबून फोटो काढू नका, अशा पाट्या होत्या आणि लोक त्या पाळत होते. हजारो माणसं, हातात मोबाईल, आणि पुलावर आले की मोबाईल खाली. मला ते बघायला आवडलं. आपल्याकडे दर्ग्यांत, देवळांत, आता तर हरमशरीफमध्येही माणूस आधी मोबाईल वर करतो आणि मग हात. पवित्र जागा पवित्र राहते ती तिथल्या 'नको'मुळे. चपला नको, आवाज नको, इथून पुढे नको. ज्याला आपल्या घरचे 'नको' माहीत आहेत, त्याला दुसऱ्याचे पाळणं जड जात नाही.

दुपारी शहर ओलांडून पूर्वेच्या डोंगराच्या पायथ्याशी एइकांदोला गेलो. गर्दीच्या रस्त्यात सायकलवरून उतरून ती हाताने ढकलत नेली. एइकांदो म्हणजे मेपलचंच देऊळ, असं लोक म्हणतात. तीन हजारांच्या आसपास झाडं. मी मात्र ज्यासाठी गेले होते ती आत होती, एक फार मोठी नसलेली बुद्धमूर्ती. ती समोर बघत नाही. मान वळवून मागे बघते. समोर उभं राहिलं तर चेहरा नीट दिसत नाही, बाजूला जावं लागतं.

तिची कथा अशी. १०८२ साली, हिवाळ्यातल्या एका पहाटे, इथला योकान नावाचा भिक्षू अमिदा बुद्धाचं नाव घेत मूर्तीभोवती फेऱ्या घालत होता. एकाएकी मूर्ती चौथऱ्यावरून उतरली आणि त्याच्या पुढे चालू लागली. योकान थक्क होऊन जागीच थांबला. तेव्हा पुढे चालणाऱ्या अमिदाने मान वळवून मागे पाहिलं आणि त्याला म्हटलं की तू मागे राहिलास. तशीच वळलेली मान मूर्तीत राहिली. हा योकान आजाऱ्यांची सेवा करायचा आणि गरीब रुग्णांना आवारातल्या झाडाची आलुबुखाऱ्यासारखी फळं वाटायचा, असंही सांगतात.

आपल्या अकीद्यात अल्लाहची मूर्ती कल्पनेतही नाही. ते माझ्या मनात तिथेही तितकंच पक्कं होतं. पण वीस वर्षं वर्ग घेणाऱ्या बाईला त्या वळलेल्या मानेचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही. सहलीत मुलांची रांग घेऊन चालताना शिक्षक पुढे असतो आणि सारखा मागे बघतो. एक मूल कुठेतरी थांबलेलं असतं, मुंग्यांची रांग बघत किंवा नुसतंच. घरी उर्दू, बाहेर दखनी, पुस्तकात मराठी अशा तीन भाषांत ठेचकाळणारी मुलं माझ्या वर्गात दरवर्षी असतात. पुढे जाणं सोपं असतं. अभ्यासक्रम पुढेच ढकलतो. त्या लाकडी चेहऱ्यावर राग नव्हता, घाई नव्हती. मी तिथे किती वेळ उभी होते माहीत नाही. बाहेर आले तेव्हा भाऊ बागेत तळ्याकाठी बसला होता. पाण्यावर पानं तरंगत होती. तो म्हणाला, "अम्मीचा फोन आला होता." मी विचारलं, "काय म्हणाली?" "म्हणाली, उस कू बोल, पत्ते गिनको आ."

अम्मीला सूरह अनआम पाठ आहे. त्यात गळणाऱ्या पानाचा उल्लेख येतो. अल्लाहच्या इल्मबाहेर तेसुद्धा नाही, असा आशय. लहानपणी अंगण झाडायचा आम्हाला कंटाळा आला की ती म्हणायची, ज्याने ही पानं मोजलीत त्याला तुझा झाडूही दिसतोय. तळ्याकाठी ते आठवलं आणि वाटलं, अम्मी मला मुळीच अडवत नव्हती. ती फक्त मी कुठून आले आहे याची आठवण देत होती.

चौथा दिवस जुम्याचा. रेल्वेने कोबेला आलो आणि स्टेशनाजवळ पुन्हा तसल्याच सायकली घेतल्या. कोबे समुद्र आणि डोंगर यांच्या मधल्या अरुंद पट्टीवर वसलंय, त्यामुळे गल्ल्या खड्या चढणीच्या. रस्त्याकडेच्या गिंको झाडांची पानं हळदीसारखी पिवळी झाली होती. या चढणीवर जपानमधली सगळ्यात जुनी मशीद आहे, १९३५ साली बांधलेली. आराखडा यान योसेफ श्वाग्र या चेक वास्तुकाराचा. पैसा उभा केला तो तिथल्या मुसलमान व्यापाऱ्यांनी, त्यात हिंदुस्थानातून गेलेले होते, तातार होते. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात आजूबाजूचं शहर जळालं, मशीद उभी राहिली. १९९५ च्या भूकंपातही उभी राहिली आणि लोकांना आसरा दिला. त्याच भागात ज्यूंचं सिनेगॉग आहे आणि १९८५ साली झालेलं संगमरवरी जैन मंदिरही. कोबे हे जुनं बंदर. जे जे आले ते आपली इबादत बरोबर घेऊन आले.

नमाजनंतर बायकांच्या जागेतून खाली आले तर दारात एक जपानी जोडपं उभं होतं, साठीच्या पुढचं. मशीद बघायला आले होते. बाईंनी बूट काढून टाचा जुळवून ठेवले आणि दिलेली ओढणी डोक्यावर घ्यायचा प्रयत्न करू लागल्या. ती सारखी घसरत होती. मी पुढे होऊन ती नीट बसवून दिली, जशी क्योटोतल्या दुकानदारीण बाईंनी माझं हेल्मेट बसवून दिलं होतं. नवरा भावाला हळू आवाजात काहीतरी विचारत होता. भावाने उत्तर दिलं. दोघं आत गेले, मागच्या बाजूला गालिच्यावर बसले आणि वर घुमटाकडे बघत राहिले.

"काय विचारत होते?" मी भावाला विचारलं.

"विचारत होते, आत गेल्यावर झुकायचं का? मी म्हटलं, त्याची गरज नाही. तुम्ही आलात, शांत बसा, आम्हाला तेवढं पुरे."

हे बोलून तो स्वतःच थोडा थांबला. मग चपला घालता घालता म्हणाला, "आपा, यहीच तुम करते फिर रहे थे ना तीन दिन?" मी हो म्हटलं. त्याने रेघ बदललेली नाही. या जानेवारीतही तो बाहेरच थांबला आणि चहाचा कॅन त्याला मिळाला. पण आता अम्मीला फोनवर माझ्या बाजूने तो बोलतो.

शाळा सुरू झाल्यावर सहलीचा विषय निघाला. यंदा वेरूळ आणि खुलताबाद. दोन्ही एका दिवसात होतात, शेजारीशेजारीच आहेत. एका पालकांनी विचारलं, "बाजी, लेण्यांत बुत आहेत, मुलांना आत नेणार का?" मी म्हटलं, नेणार. दहा नंबरच्या लेण्यात छत बघायला मुलांनी माना वर कराव्यात असं मला वाटतं. आणि दर्ग्यात आपल्या लातूरच्या सुरतशाहवलीला येणारे हिंदू शेजारी जसे डोक्यावर रुमाल टाकून, चपला बाहेर ठेवून येतात, तशीच आपली मुलंही दुसऱ्याच्या दारात वागतील, हे मी पाहीन. कुठे झुकायचं हे त्यांना घरात शिकवा. कुठे कसं उभं राहायचं हे मी शिकवते.

पालक थोडा वेळ विचार करत उभे राहिले. मग त्यांनी संमतीपत्रावर सही केली आणि खाली उर्दूत एक ओळ लिहिली : मुलाला गाडी लागते, खिडकीजवळ बसवा.